अरुंद रुळांवरचा एक दिवस : मराठी प्रवासलेखनातील एका रिकाम्या जागेविषयी

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करू लागले म्हणजे आपल्या अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः दोन दिशांना वळते. एक दिशा दूरदेशीच्या प्रवासाची. तिच्यात अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) हे पुस्तक व त्यानंतरची परदेशप्रवासाची विपुल पुस्तके येतात. दुसरी दिशा पायी वाटचालीची. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' (लेखन १८८३, प्रकाशन १९०७), इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तील (१९४९) 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांची 'पालखी' (१९६४) ही या दुसऱ्या दिशेची ठळक उदाहरणे होत. या दोहोंच्या मध्ये प्रवासाचा एक प्रकार असा आहे की, ज्याचा अनुभव गेल्या शतकातील लक्षावधी मराठी माणसांनी घेतला, आणि ज्याला आपल्या ग्रांथिक गद्यात जवळजवळ स्थान नाही. सकाळी घर सोडून, लहान आगगाडीने जाऊन, काम वा देवदर्शन उरकून त्याच रात्री घरी परतणे, हा तो प्रकार. प्रस्तुत टिपणात या अभावाचा विचार करावयाचा आहे. मात्र अभाव दाखवून लेखकांना दूषण देण्याचा येथे हेतू नाही. अमुक विषयावर अमुक लेखकाने का लिहिले नाही, हा प्रश्न समीक्षेत सहसा निष्फळ ठरतो. विचारावयाचे ते एवढेच की, हा अनुभव खरोखर कोठेच शब्दबद्ध झाला नाही, की तो जेथे शब्दबद्ध झाला तेथे पाहण्याची आपल्याला सवय नाही?

प्रारंभी एका परकीय उदाहरणाकडे वळणे उपयोगी ठरेल. इंग्लंडमध्ये लहान आगगाडीतून समुद्रकाठाने केलेली एका दिवसाची सहल हा अनुभवाचा आणि लेखनाचाही रूढ प्रकार आहे. केंट परगण्याच्या किनाऱ्याने जाणारी रॉम्नी, हाइद व डिमचर्च ही गाडी १९२७ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे पंधरा इंच आहे. वेल्समधील किनाऱ्यावरच्या टिविन गावाहून आत डोंगराकडे जाणारी टॅलिलिन ही गाडी १९५१ मध्ये हौशी स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतली, आणि त्यांचे अग्रणी रोल्ट यांनी त्या उद्योगावर लिहिलेले 'रेल्वे ॲडव्हेंचर' (१९५३) हे पुस्तक आजही वाचले जाते. या सहलीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात प्रवासी गाडीसाठी तिकीट काढतो. पोहोचण्याचे ठिकाण गौण असते. धूर, शिट्टी, डब्याची लाकडी बाके, खिडकीतून दिसणारे पाणी हेच येथे प्रयोजन. निकड नाहीशी झाल्यावर उरलेला हा प्रवास आहे, आणि म्हणूनच तो रम्य वाटतो. या लेखनाला एक गोडवा आहे हे नाकारता येणार नाही. परंतु त्या गोडव्याखाली स्मरणरंजनाचा थर असतो, आणि तो थर खरवडला असता पुष्कळदा हाती फारसे लागत नाही, असे आमचे मत आहे.

मराठी मुलखात या प्रकाराला जागाच नव्हती. कोकणचा किनारा दीर्घकाळ आगबोटीचा किनारा राहिला; तेथे आगगाडी पूर्णपणे धावू लागली ती १९९८ साली, आणि तीही रुंद रुळांची, बोगद्यांतून व पुलांवरून जाणारी, समुद्रापासून पुष्कळशी आत राहणारी. आपल्याकडील पहिली आगगाडी, म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली, ही मात्र एका अर्थाने खाडीकाठची सहलच होती. सुमारे चारशे निमंत्रित, चौदा डबे, तीन इंजिने, एकवीस मैलांचे अंतर, आणि ठाण्यास तंबूंत खानपान. पण तो दरबारी समारंभ झाला. त्यात निमंत्रितांखेरीज इतरांचा वाटा बघ्यांचा होता. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी (१९०७) सहलीची खरी, पण ती डोंगराची. आणि हवा खाण्यास माथेरानी जाणारा वर्ग कोणता हे सांगावयास नको. तेव्हा मराठी समाजाच्या मोठ्या भागाला ज्या लहान गाडीचा लळा लागला, ती शोधण्यासाठी समुद्राकडे पाठ फिरवून बालाघाटाच्या पायथ्याकडे यावे लागते.

ती गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही गाडी मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे कुर्डुवाडी) ते बार्शी या मार्गावर सुरू झाली. पुढे १९०६ साली ती पंढरपुरास पोहोचली, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. १९५४ च्या आरंभी सरकारने ती ताब्यात घेतली, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आले. कॅलथ्रॉप हे गृहस्थ मोठे विलक्षण होते. अरबी घोड्यांची पैदास व हवाई छत्रीची रचना हेही त्यांचे व्यवसाय होते! पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. याच कॅलथ्रॉपांनी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, याच अडीच फुटी मापाची दुसरी गाडी बांधली. ती १९०४ साली सुरू झाली व १९३४ साली बंद पडली. ती दुधाची आणि सहलीकरूंची गाडी होती; मोटारी आल्यावर दोहोंनीही तिला सोडले. बार्शीची गाडी मात्र त्याच मापाच्या रुळांवर शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण तिला विठोबा होता आणि कापूस-धान्याच्या पेठा होत्या. अभियंता एक, रुळांचे माप एक. पण स्टॅफर्डशायरमधील प्रवासी गाडी पाहण्यास येत असे, आणि आपल्याकडचा प्रवासी गाडीकडे न पाहता तिच्यात बसत असे. लहान गाडीविषयी मराठीत सहलीचे वाङ्मय का निर्माण झाले नाही, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते. जी वस्तू गरजेची असते तिच्याविषयी माणूस सहसा रसिकतेने बोलत नाही.

या गाडीशी बीड जिल्ह्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी २०२५ पर्यंत आगगाडीही नव्हती. पूर्वेच्या टोकाला परळी वैजनाथ हे निजामाच्या रेल्वेचे स्थानक जिल्ह्याच्या वाट्यास आले होते. परंतु नकाशा उघडून पाहावा. केज तालुका मांजरा नदीच्या अलीकडे, कळंब पलीकडे. आणि बार्शी-लातूर या अरुंद मार्गावर 'कळंब रोड' या नावाचेच एक स्थानक. अंबाजोगाईहून दक्षिणेस आले की लातूर, म्हणजे त्याच मार्गाचे टोक. जिल्ह्याचा दक्षिण भाग या गाडीच्या हाकेच्या अंतरावर होता, तरी ती त्याच्या हद्दीत कधी आली नाही. त्यामुळे येथील माणसाच्या दृष्टीने आगगाडीचा प्रवास नेहमी दुसऱ्या एका प्रवासाने सुरू होई. आधी बैलगाडी किंवा पायवाट, मग नदीचा उतार, मग स्थानक. १९४८ पूर्वी तर या प्रवासात राज्याची हद्दही ओलांडावी लागे, कारण बीड आणि लातूर निजामाच्या राज्यात व बार्शी-कुर्डुवाडी इंग्रजी मुलखात होती. लहान गाडी ही येथे खिडकीतून देखावा पाहण्याची जागा नव्हती. चालून थकलेल्या माणसाला काही घटका बसावयास मिळे ती जागा होती.

आता या गाडीने एका दिवसाला कोणता आकार दिला ते पाहू. पंढरपूरची यात्रा ही पूर्वी पंधरवड्यांनी मोजण्याची गोष्ट होती. बीड जिल्ह्यातून आजही पैठणची नाथांची पालखी पाटोद्याकडून, शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून आणि मुक्ताबाईची पालखी बीड शहरातून पंढरपुरास जाते. त्यांच्या मुक्कामांच्या यादीत जिल्ह्याचा एक स्वतंत्र भूगोलच दडलेला आहे. आगगाडीने हा भूगोल दुमडून ठेवला. रुळांजवळच्या गावातून पहाटे निघावे, कुर्डुवाडीस गाडी बदलावी, चंद्रभागेत स्नान करून, कळसाचे का होईना दर्शन घेऊन परतीची गाडी धरावी, असे करणे आता शक्य झाले. ज्यांना शेत, गुरे, लेकुरे सोडून पंधरा दिवस बाहेर राहता येत नव्हते, विशेषतः स्त्रियांना, त्यांच्यासाठी हा एक दिवस म्हणजे संपूर्ण वारी होती. येथे भाषेने दिलेली एक साक्ष ध्यानात घ्यावयास हवी. आपण आज सहजपणे 'पायी वारी' असा शब्दप्रयोग करतो. वारी पायीच करावयाची असते तोवर या विशेषणाला प्रयोजन नव्हते. गाडीने जाणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हाच पायी जाणाऱ्यांना हे विशेषण धारण करणे भाग पडले असावे. वारकऱ्यांच्या शब्दकोशात आगगाडीने पाडलेली भर बहुधा एवढीच, परंतु तीत एक श्रेणीही आली. पायी ती श्रेष्ठ, गाडीची ती सोय. साहित्याने ही श्रेणी जशीच्या तशी स्वीकारली, असे आमचे म्हणणे आहे.

'वाटचाल' हा लेख या दृष्टीने पुन्हा वाचावा. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या लेखिका पालखीबरोबर चालल्या, आणि पंढरपूरला जाणाऱ्या लोकांचा जो देश तो महाराष्ट्र, अशा आशयाची व्याख्या त्यांना त्या चालण्यात सापडली. लेखाचे मोठेपण केवळ या व्याख्येत नाही. ज्या दिंडीत सर्व मिळून अभंग गातात, त्या दिंडीतच ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर वेगळे जेवतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्याचे शल्य त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. एवढी प्रामाणिक नजर असूनही, त्याच सुमारास गाडीने पंढरपुरास लोटणारा समुदाय या व्याख्येत कोठे बसतो, हा प्रश्न लेखात उद्भवत नाही. व्याख्येत 'जाणे' हे क्रियापद आहे; पण वाचकाच्या मनात ते 'चालणे' असेच उमटते.

मोकाशी यांच्या 'पालखी'ची जात निराळी आहे. मोकाशी भाविक म्हणून जात नाहीत, संशोधक म्हणूनही जात नाहीत; संशय आणि ओढ यांच्या मधल्या मनःस्थितीत ते चालतात. पायांचे दुखणे, मुक्कामाची धांदल, कोणाचे तरी क्षुद्र भांडण, मध्येच अवचित लाभणारी शांतता, अशा बारीकसारीक नोंदींतून त्यांचे गद्य पुढे सरकते. या गद्याची गती ही पावलांची गती आहे, आणि ती गती नसती तर हे पुस्तक झाले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. पायी प्रवासात लेखकाला माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. सकाळी पाहिलेला चेहरा संध्याकाळी दिसतो, आणि दोहोंमधला फरक लेखनाचा विषय होतो. गाडीत माणसे एकदाच भेटतात, फार जवळून भेटतात, आणि उतरून जातात. कादंबरीकाराला पहिला प्रकार मानवतो. तेव्हा 'पालखी' पायी आहे म्हणून श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल तर त्याला पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. आक्षेप येतो तो त्यापुढच्या पायरीवर. पायी प्रवासाने उत्तम गद्य दिले, यावरून प्रवासाचा गंभीर अनुभव पायीच मिळतो असा सिद्धान्त आपल्या वर्गांतून नकळत शिकविला जातो. एका उत्तम कृतीवरून काढलेला हा नियम त्या कृतीवरही अन्याय करतो, कारण तिचे यश मग मोकाशींच्या दृष्टीचे न राहता त्यांच्या पायांचे ठरते.

आगगाडी मराठी लेखनात आलीच नाही असे मात्र नव्हे. ती फार लवकर आली. कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' हे पुस्तक १८५४ मध्ये, म्हणजे पहिली गाडी धावल्यावर वर्षभरातच निघाले, आणि गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथात तिची दखल घेतली. त्या पिढीला गाडी हा विद्येचा चमत्कार वाटत होता, आणि चमत्काराचे वर्णन बाहेरून होते. पुढच्या शतकात चमत्कार ओसरला तेव्हा गाडी विनोदाकडे आणि बालपणाकडे गेली. पु. ल. देशपांडे यांच्या 'काही अप काही डाऊन'मध्ये ती गर्दीतल्या नमुन्यांचे प्रदर्शन होते, ग. दि. माडगूळकरांनी 'तू सुखी रहा' (१९६३) या चित्रपटासाठी लिहिलेल्या बालगीतात ती मुलांना मामाच्या गावी नेते. यांपैकी कोणतेही लेखन कमी प्रतीचे नाही. परंतु चमत्कार, चेष्टा आणि बाळपण या तीनही ठिकाणी गाडीत बसलेल्या प्रौढ माणसाचा दिवस बाहेरच राहतो. तो पत्रव्यवहारात, तक्रारअर्जांत आणि अहवालांत सापडतो. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालअपेष्टांवर पुस्तिका लिहिली; जत्रांच्या दिवसांत यात्रेकरूंना मालाच्या डब्यांत भरण्याची प्रथाही हिंदुस्थानात सर्वत्र परिचित होती. आपण अशा लेखनाला 'साधन' म्हणतो, 'साहित्य' म्हणत नाही.

आणि तरीही एका दिवसाच्या आगगाडीच्या प्रवासावर, एका मराठी माणसाच्या हातून, अशी काही पाने लिहिली गेली आहेत की, प्रवासलेखनाच्या कोणत्याही निवडीत त्यांना प्रथम स्थान द्यावे लागेल. ती इंग्रजीत लिहिलेली आहेत, आणि प्रवासवर्णन म्हणून ती सहसा कोणी वाचत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनातील पहिल्या प्रकरणाविषयी आम्ही बोलत आहोत. हे लेखन १९३५-३६ च्या सुमाराचे. पुस्तिकेच्या रूपाने ते १९९० मध्ये आले, आणि मराठीतही ते आता परिचित आहे. प्रसंग १९०१ सालचा, साताऱ्याजवळचा. वडील गोरेगाव येथे नोकरीला. सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे जावयाचे. आंबेडकर तेव्हा दहा वर्षांचे, बरोबर भावंडे-भाचरे. आगगाडीने मसूर या स्थानकापर्यंत, पुढे बैलगाडीने. ही बार्शीची गाडी नव्हे, आणि अरुंद रुळांचीही नव्हे. पण बीड जिल्ह्यातील माणसाला जो प्रवास नेहमीचा होता, गाडीच्या पुढे-मागे बैलगाडी असलेला, त्याचाच हा नमुना आहे.

या प्रकरणाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रवासाच्या तयारीचे वर्णन विस्ताराने येते. नवे कपडे, नव्या टोप्या, मुलांचा उत्साह. मग स्थानक, हातात खर्चण्यासाठी मिळालेले दोन आणे, आणि त्यांतून लगेच मागविलेली लेमोनेडची बाटली. लेखक या चैनीकडे थोड्या थट्टेने पाहतो. त्यानंतर गाडी येते, मुले घाईने चढतात, आणि पुढच्याच वाक्यांत मसूर येते. मधल्या प्रवासाला एक ओळही नाही. खिडकी, डोंगर, धूर, सहप्रवासी, काहीच नाही. मराठी प्रवासवर्णनाच्या वाचकाला ही पोकळी खटकावी. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर पहिलावहिला आगगाडीचा प्रवास ठसा उमटवून जात नाही, हे संभवत नाही. लेखकाने तो वगळला आहे, आणि त्याचे कारण पुढील पानांत आहे. फलाटावर उतरल्यावर वडिलांनी पाठविलेला माणूस दिसत नाही. स्थानकमास्तर आस्थेने चौकशी करतो. मुले नीटनेटकी, म्हणून त्याचा समज निराळा झालेला असतो. आपण महार आहोत असे मुलगा भाबडेपणाने सांगतो, आणि त्या गृहस्थाचा चेहरा पालटतो. गाडीवाले मुलांना नेण्यास तयार होत नाहीत. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच गाडी हाकावयाची व गाडीवानाने शेजारून चालावयाचे, असे ठरते. शिदोरी बरोबर असूनही रात्र उपाशी जाते, कारण पाणी मिळत नाही.

सकाळच्या लेमोनेडचा आणि रात्रीच्या पाण्याचा संबंध लेखक कोठेही जोडून दाखवीत नाही. जोडण्याची गरजही नाही. दोन आण्यांना बाटली विकणाऱ्याने जात विचारली नव्हती. डब्यानेही विचारली नाही. विचारणा सुरू झाली ती रूळ संपल्यावर. आगगाडीने जातिभेद मोडला, हे विधान गेल्या शतकातील सुधारकी लेखनात आपण वारंवार वाचतो. हे प्रकरण ते विधान तपासून पाहते आणि त्याची मर्यादा अचूक सांगते. गाडीने भेद मोडला नाही. दोन स्थानकांच्या मधल्या काळापुरता प्रश्न पुढे ढकलला. त्या मधल्या काळाचे वर्णन न करणे ही लेखकाची कलादृष्टी आहे की केवळ घटनेचा ओघ, यावर मतभेद होऊ शकेल. आमच्या मते ती निवड आहे, कारण याच लेखनात इतरत्र आवश्यक तेथे तपशील भरपूर येतो. देखावा पाहण्यासाठी मन मोकळे असावे लागते. ज्याला पुढच्या फलाटावर कोण काय विचारील हे ठाऊक झाले आहे, त्याला मागे वळून त्या खिडकीची आठवण कौतुकाने सांगता येत नाही. रॉम्नीच्या किनाऱ्यावरील सहलवर्णनांत खिडकी असते, आणि येथे ती नसते. या फरकातच दोन समाजांतील लहान प्रवासाचा फरक आला. स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी व्यवस्था ठेवणाऱ्या देशात प्रवासलेखनाची सुरुवात पाण्यापासून व्हावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

येथे सहज आठवण होते ती कळंब रोड स्थानकाच्या परिसरातील कसबे तडवळे या गावाची. फेब्रुवारी १९४१ मध्ये तेथे डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. चाळीस वर्षांपूर्वी मसूरला ज्याला बैलगाडी नाकारली गेली, त्याच्या सभेसाठी या अरुंद रुळांच्या कडेचे एक गाव निवडले जावे, हा योगायोग असेल; तरी अभ्यासकाने तो लक्षात ठेवावा.

दुसरी साक्ष स्त्रियांची आहे, आणि ती जात्यावरची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी १९८० नंतरच्या काळात सुरू केलेल्या ओवीसंकलनात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या ओव्याही आहेत, आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये झाले. ओवीतील आगगाडी पाहिली म्हणजे ग्रांथिक गद्य आणि मौखिक परंपरा यांतील अंतर कळते. ओवी करणारी स्त्री आगीनगाडीला चमत्कार मानून थांबत नाही. दोन चरणांत ती गाडी आपल्या नात्यागोत्यात आणून बसविते. भाऊ येणार तो गाडीने, लेक मुंबईस गेला तो गाडीने, विठ्ठलाकडे जावयाचे तेही गाडीने. देखावा येथेही नाही. पण त्याचे कारण आंबेडकरांच्या लेखनाहून निराळे आहे. ओवीचा विस्तारच एवढा की त्यात एक नाव, एक ठिकाण आणि एक ओढ मावते. आपण ज्याला प्रवासवर्णनाचे घटक म्हणतो, म्हणजे स्थलवर्णन, व्यक्तिचित्रे, चिंतन, त्यांपैकी काहीही येथे सापडणार नाही. आणि तरी पंढरपूरचा तो एक दिवस, घरातून मोकळीक मिळालेला बारा-चौदा तासांचा तो काळ, या दोन चरणांतच सुरक्षित राहिला आहे. पायी वारी आणि गाडीची वारी यांतील श्रेणीही ओवी फारशी मानीत नाही. देव भेटला की पुरे.

यावर एक आक्षेप संभवतो. आत्मकथनातील एक प्रकरण आणि दोन चरणांच्या ओव्या यांना प्रवासलेखन म्हणू लागल्यास वाङ्मयप्रकाराच्या सीमा उरणारच नाहीत, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वजनदार आहे. आम्हांलाही प्रत्येक आत्मकथनातील प्रत्येक स्थलांतर प्रवासवर्णन ठरवावयाचे नाही. परंतु वाङ्मयप्रकाराची सीमा कोणत्या कृतींवरून आखली, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. आपण ती सीमा अशा लेखकांच्या कृतींवरून आखली की, ज्यांना प्रवासासाठी वेळ काढता आला आणि परतल्यावर लिहिण्यासाठी आणखी वेळ काढता आला. इरावतीबाई आणि मोकाशी यांनी पायी चालण्याची निवड केली; निवड करता येणे हीच त्यांच्या लेखनाची पूर्वअट होती. कळंब रोडला पहाटे पोहोचण्यासाठी केज तालुक्यातून रात्रीच निघणाऱ्या माणसाने चालण्याची निवड केली नव्हती, आणि गाडीचीही केली नव्हती. त्याच्या प्रवासाचे लेखन मिळाले तर ते वेगळ्या आकारात मिळणार. पदव्युत्तर वर्गात 'वाटचाल' शिकविताना त्याच तासाला मसूरचे ते प्रकरण वाचून दाखवावे, असे आम्ही सुचवितो. दोन्ही लेखन फार तर वीस वर्षांच्या आतले आहे. दोहोंतही लेखक शिक्षित, जगभर फिरलेला आहे. दोहोंतही जेवण आणि जात यांचा प्रश्न आहे. एकात तो पाहिला आहे, दुसऱ्यात भोगला आहे. विद्यार्थ्यांना यातून जे दिसेल ते प्रवासवर्णनाच्या लक्षणांच्या यादीतून दिसणार नाही.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे जाणारी पहिली गाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग नव्वदीच्या दशकात मंजूर झालेला. म्हणजे एक संपूर्ण पिढी त्याच्या वाटेकडे डोळे लावून मोठी झाली. ही गाडी रुंद रुळांची आहे, बाष्पयंत्राची नाही, आणि तिच्याविषयी जे लिहिले जाईल ते अजून व्हावयाचे आहे. त्याआधी एक काम हातावेगळे करण्यासारखे आहे. केज, धारूर, अंबाजोगाई या भागांत पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या अशा स्त्रिया अद्याप भेटू शकतील, ज्या लहानपणी वा नव्या संसारात कळंब रोड किंवा लातूर येथून धुराच्या गाडीत बसल्या असतील. त्यांना प्रवास कसा झाला असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर 'बरा झाला' एवढेच येते. घरून किती वाजता निघालात, गाडीपर्यंत कोणी पोहोचविले, भाकरी कशात बांधली होती, पाणी कोठे प्यालात आणि डब्यात शेजारी कोण बसले होते, असे विचारावे. उत्तरे ओवीत आली तर ओवीतच उतरवून घ्यावीत.